छपराखालची रेघ

माझं आडनाव शात्झश्नायडर. हसून घ्या एकदाचं. माझा आजा रशियातून नेब्रास्कात आला तेव्हा घरदार, जमीन, भांडीकुंडी सगळं मागे टाकून आला, आणि हे एवढं लांबलचक तेवढं बरोबर आणलं. बँकेत म्हणा, बाजारात म्हणा, हे नाव एका दमात बरोबर लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लग्न झालं तसं ते नेवाच्या गळ्यात पडलं. बिचारीने इतकी वर्षं हूं की चूं न करता वागवलं. पण दोन हजार वीस साली या आडनावापायी आमचं घोडं असं काही अडलं, की आज्याला थडग्यातून उठवून जाब विचारावासा वाटला.

गुरं मात्र नेवाच्या माहेरची. कुरणं तिच्या बापाची, विहिरी तिच्या बापाच्या, मी आपला घरजावई. जनावरांच्या डाव्या पुठ्ठ्यावर जो डाग आहे तोही त्यांचाच. वर छप्पर, म्हणजे दोन तिरक्या रेघा, आणि छपराखाली एक आडवी रेघ. तीन रेघांत काम खलास. सासरा म्हणायचा, वासराला जितकं कमी भाजावं तितकं बरं. तो गेला, डाग सासूच्या नावावर आला. सासू म्हणजे हुल्डा. ती दोन वर्षांपूर्वी अंगणात पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून गावातल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, होममध्ये आहे. होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं घर, चालवते काउंटी, आणि काउंटी चालवतात निवडून आलेले तीन कमिशनर.

त्या तिघांनी मार्चमध्ये होमचं दार बंद केलं. रोग आला होता, दार बंद करणं बरोबरच होतं, मीही तेव्हा मान डोलावली. पण त्या तिघांना बंद करायची चटक लागली. जत्रा बंद, गुरांचा बाजार बंद, मग मे महिन्यात फतवा निघाला की दहाच्या वर माणसांनी कुठेही जमायचं नाही, वासरांच्या डागणीलासुद्धा नाही.

आता डागणीला आमच्याकडे कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याचा त्याचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी शेजारी घोडे घेऊन हजर होतात. आज ते तुमच्याकडे, उद्या तुम्ही त्यांच्याकडे. दहा माणसांत डागणी करायची तर वासरं म्हातारी होतील.

नेवाने डोकं चालवलं. एकेका घराला एकेक काम दिलं. दोर टाकणारे सगळे एका घरचे, वासरू धरून पाडणारे दुसऱ्या घरचे, सुया टोचणारे तिसऱ्या. सत्तरीच्या पुढच्यांनी आपापल्या पिकअपमधून उतरायचं नाही, काचा खाली करून खुशाल अक्कल शिकवावी. जेवण ज्याने त्याने आपल्या गाडीवर बसून करायचं.

धूर, केस जळल्याचा वास, गायींचा हंबरडा, सगळं ऐन रंगात आलं होतं तेवढ्यात कुंपणापाशी वॉरन टीगार्डनचा पिकअप येऊन थांबला. वॉरन म्हणजे आमचा शेजारी, आणि त्या तीन कमिशनरांतला एक, काउंटी बोर्डाचा अध्यक्ष. आमच्या डागणीला सासऱ्याच्या काळापासून दोर टाकायला येणारा माणूस. यंदा मास्क लावून कुंपणापलीकडे उभा.

“नेवा,” तो म्हणाला, “माणसं दहाच्या वर दिसतायत.”

नेवाच्या हातात तापलेली डागणी होती. तिने वर पाहिलंच नाही. वासराच्या पुठ्ठ्यावर छप्पर उठवलं, रेघ ओढली, मग म्हणाली, “मोजा तुम्ही वॉरन. आणि मोजून झाले की अकरावा कोण ते सांगा, त्याला घरी पाठवते.”

वॉरनने मोजले की नाही देव जाणे. पण अकराव्यावर बोट ठेवणं त्याला जमलं नाही. ज्याच्यावर ठेवायचं तो त्याचाच कुणीतरी पुतण्या नाहीतर भाचा निघाला असता.

“नोटीस काढावी लागेल मला.”

“काढा की. टपालपेटी रस्त्यावरच आहे.”

मला हसू फुटलं. वॉरनने माझ्याकडे असं पाहिलं की हसू गिळावं लागलं. तो लगेच गेला नाही. दोरवाल्या पोराचा फास दोनदा चुकला तेव्हा त्याचा उजवा हात कुंपणावर आपसूक वळला, मनगटासकट. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. एप्रिलमध्ये त्याचा भाऊ ओमाहाच्या दवाखान्यात वारला होता, जवळ कुणी नसताना. तेव्हापासून वॉरनने हाय खाल्ली होती, आणि ती हाय त्याने सगळ्या काउंटीच्या डोक्यावर बसवली होती.

नोटीस आली. दंड भरला. नेवाने ती नोटीस शेणाच्या खोऱ्याला अडकवून ठेवली, येता जाता दिसावी म्हणून.

होमला मात्र आम्ही दर रविवारी जायचो. जायचो म्हणजे काय, भिंतीबाहेर उभे राहायचो. हुल्डाची खिडकी उंच, म्हणून मी बादली पालथी घालून द्यायचो आणि नेवा तिच्यावर चढायची. आत हुल्डा खुर्चीत, कानाला फोन. बाहेर नेवा, कानाला फोन. मध्ये काच. म्हातारीला ऐकू कमी, तिच्या कानातलं यंत्र फोनला लागलं की शीळ घालायचं. मग दोघी एकमेकींवर ओरडायच्या.

“जेवलीस का?”

“कोण मेलं?”

“मेलं नाही गं कुणी! जेवलीस का विचारते!”

पलीकडच्या खिडकीशी बरेचदा वॉरन असायचा. त्याची बायको मार्जरी आत होती. तिची आठवण केव्हाच गेलेली, वॉरनला ओळखायची नाही, पण हात धरला की शांत बसायची म्हणतात. आता हात कोण धरणार? वॉरन टोपी काढून काचेपाशी उभा राहायचा आणि ती भिंतीकडे बघत राहायची. स्वतःचा कायदा त्याने स्वतःलाही लावला होता, एवढं त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. अध्यक्ष होता, मागच्या दाराने गेला असता तर कोण अडवणार होतं? पण गेला नाही. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवायचो, बोलायचो नाही.

उन्हाळाभर गवत कापलं. जुलैत उष्णता अशी, की ट्रॅक्टरच्या लोखंडाला हात लागला की कातडी चिकटायची. नेवा गठ्ठे बांधायची, मी ओढायचो. तिच्या खिशात फोन असायचा आणि तो वाजला की ती ट्रॅक्टर थांबवायची. होमची नर्स असायची. आईने आज अर्धीच वाटी खाल्ली. आज दूध परत पाठवलं. आज म्हणाली, कशाला खाऊ, कुणासाठी. हे शेवटचं ऐकून नेवा ट्रॅक्टरच्या सावलीला बसली आणि हातमोज्यात तोंड घालून रडली. तिला रडताना मी फार क्वचित पाहिलंय. मला काय करावं ते सुचेना, मी पाणी आणून दिलं.

सप्टेंबरात वरून नवा नियम आला की काळजी घेऊन भेटी सुरू करायला हरकत नाही. शेजारच्या काउंटीतल्या होमने दारं उघडली. आमच्या तिघांनी ठरवलं, आपलं बंदच राहू दे.

नेवा बोर्डाच्या बैठकीला गेली. न्यायालयाच्या इमारतीत बैठक. आत दहाच माणसं, बाकीच्यांनी व्हरांड्यात. आम्ही गुरं दुसऱ्या कुरणात हलवून तसेच आलो होतो. नेवाच्या बुटांना शेण, तर दारावरच्या बाईने पायाखाली वर्तमानपत्र अंथरलं. सगळ्यांसमोर. नेवा लाल झाली, पण त्या कागदावर उभी राहून बोलली.

“माझी आई रोगाने मरत नाहीये,” ती म्हणाली. “ती एकटेपणाने मरतेय. आजार खरा आहे, मला ठाऊक आहे. मास्क लावू, तपासणी करू, तुम्ही सांगाल ते अंगावर चढवू. एकेकालाच आत सोडा. पण आमच्या माणसाचं आम्हाला कळतं की नाही? वासरू आजारी पडलं तर कळपातून वेगळं काढतो आम्ही, पण त्याला पाणी पाजायचं सोडत नाही.”

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. घंटी वाजली. तिचं वाक्य अर्धंच राहिलं. वॉरन कागदांत बघत म्हणाला, “नेवा, तू गुरांचं बघ. हे आमच्यावर सोड.”

व्हरांड्यातून कुणीतरी खुदकन हसलं.

परतताना ती गाडी चालवत होती. गाव संपलं, डांबरी रस्ता संपला. मी म्हटलं आता ही घरी जाऊन भांडी आपटणार. आमच्या फाटकाशी गाडी थांबवली आणि म्हणाली, “लायल, मी वॉरनच्या विरुद्ध उभी राहते.”

“आता? मतपत्रिका छापून तयार असतील. त्यावर वॉरन एकटाच आहे.”

“रिकामी ओळ असते ना खाली. लोक हाताने नाव लिहितील.”

“काय लिहितील?” मी विचारलं. “शात्झश्नायडर?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून इतकी हसली की तिला फाटक उघडायला उतरता येईना.

निवडणुकीचं काम बघणारी डोरीन कुचेरा काउंटीची कारकून. नेवाचा अर्ज घेताना तिने नाव दोनदा चुकवलं आणि तिसऱ्यांदा नेवालाच लिहायला लावलं. मग म्हणाली, “स्पेलिंग चुकलं तरी मी बाद करणार नाही. पण शेजारचा गोल काळा केलेला पाहिजे, आणि मत कुणाला द्यायचंय ते लिहिलेल्यावरून कळलं पाहिजे. नुसतं नेवा लिहून भागायचं नाही, काउंटीत नेवा पाच आहेत.”

“कळेल ते,” नेवा म्हणाली.

“बघ बाई. तुझ्या नवऱ्याच्या आडनावाला मी घाबरते.”

आमच्याकडे निवडणूक म्हणजे एकाच पक्षातली भाऊबंदकी. दुसऱ्या पक्षाची माणसं शोधायची तर वासावरची कुत्री सोडावी लागतील. मीही जन्मभर त्याच पक्षाचा, माझा बापही. सरकार लांब असावं, लहान असावं, आणि आमच्या फाटकाशी आलं तर आधी हाक मारावी, एवढीच आमची मागणी. वॉरनलाही हेच म्हणत आम्ही दर वेळी निवडून दिलं होतं. म्हणून तर जास्त लागलं.

प्रचार म्हणजे काय केला? रस्त्याकडेच्या कुरणात गवताचे गोल गठ्ठे ओळीने लावले आणि एकेका गठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने एक-दोन अक्षरं काढली. आठवडाभर छान दिसलं. मग वळूला मधल्या गठ्ठ्यांत काय दिसलं कोण जाणे, त्याने ते फोडून खाल्ले. उरलं नुसतं ‘शा’ आणि ‘डर’. लोक थांबून फोटो काढायला लागले. नेवा म्हणाली, ठेव तसंच, निदान थांबतायत तरी.

ऑक्टोबरात वासरं गायींपासून तोडायची. दिवसभर घोड्यावर, संध्याकाळी दोघं दोन दिशांना, दारोदार. लोक अंगणातच उभं करायचे, आत घ्यायचे नाहीत. कुणी म्हणायचे, तुम्हाला म्हाताऱ्यांना मारायचंय का? कुणी म्हणायचे, रोगबिग सगळं थोतांड आहे. नेवा दोघांनाही एकच सांगायची, थोतांड नाही, आणि मारायचंही नाही, दार अर्धं उघडायचंय.

थोतांडवाल्यांचं मला थोडं पटायला लागलं होतं, तेवढ्यात मलाच तो रोग झाला. ताप असा की दात वाजायचे. उठून उभा राहिलो तर भिंत अंगावर यायची. कॉफी प्यायलो तर नुसतं गरम पाणी, ना वास ना चव. नेवाने मला मागच्या खोलीत घातलं, जेवण दारात ठेवायची आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची. गुरं तिने एकटीने सांभाळली. शेजारी आले, फाटकाशी काम वाटून घेतलं आणि वासरं शेजारच्या काउंटीतल्या बाजाराला पोचवली. कुणाला फतवा काढून बोलवावं लागलं नाही. आजार खरा आहे हे मी तुम्हाला हाडांवरून सांगतो. पण दाराबाहेर खुर्ची टाकून कुणी बसलेलं असणं काय असतं, तेही मला तेव्हाच कळलं. हुल्डाला ते हवंय, बस.

बरा झालो, डॉक्टरने मोकळं केलं, तसा रविवारी होमला गेलो. नेवा बाजारात अडकलेली, म्हणून बादलीवर मी चढलो. हुल्डा निम्मी झाली होती. गळ्याची कातडी लोंबत होती. मांडीवर एक मोठं पाकीट होतं.

“जावईबापू,” फोनमधून आवाज आला, “मत आलंय माझं टपालाने.”

टपालाच्या मताची मला तिडीक होती. मत म्हणजे माणसाने बूट घालावेत, केंद्रावर जावं, चार शेजाऱ्यांदेखत सही करावी आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकावं. पत्र्याच्या पेटीत टाकून देशाचा कारभार ठरवायचा म्हणजे काय? हे मी वर्षभर ज्याला त्याला ऐकवत होतो. पण म्हातारीला काय ऐकवणार?

“आई, नेवाचं नाव लिहायचं खाली. आणि गोल काळा करायचा.”

“लिहितेय ना केव्हाची! तुझं ते आडनाव सांग.”

मी एकेक अक्षर ओरडून सांगायला लागलो. तिच्या हाताला कंप. एका कोऱ्या कागदावर सराव करत होती, चार अक्षरांनंतर पेन्सिल कुठल्या कुठे जायची. यंत्र शीळ घालायचं. मी पाचवं अक्षर सांगितलं, तिने दुसरंच ऐकलं. मग कागद चुरगळला.

“मरू दे!” ती म्हणाली. “नेवाला तो जोन्स मागणी घालत होता, तो काय वाईट होता?”

मी बादलीवरून उतरलो तेव्हा मला रडायला येत होतं. एक मत गेलं म्हणून नाही. आत त्या घरात सगळे हुल्डासारखेच, हात कापणारे, अर्धे बहिरे. ज्यांच्यासाठी दार उघडायचं, त्यांनाच नेवाचं नाव लिहिता येणार नाही, आणि ते माझ्या आडनावामुळे. पलीकडच्या खिडकीशी वॉरन होता. त्याने सगळं ऐकलं असणार. त्याने टोपी घातली आणि निघून गेला.

मतदानाच्या दिवशी थंडी होती, वारा होता, आणि चर्चच्या तळघरात रांग होती. मी बूट पुसून गेलो. माझं आडनाव मी बरोबर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोरीनचा फोन आला. नेवा गोठ्यात होती, मीच घेतला.

“लायल, वॉरन सहा मतांनी पुढे आहे.”

मी खाली बसलो. एवढ्या मोठ्या काउंटीत, छापील नावाविरुद्ध, हाताने लिहिलेलं हे असलं नाव, आणि फक्त सहा! अभिमानही वाटला आणि चुटपुटही लागली.

“पण आठ मतपत्रिका बाजूला काढल्यात,” डोरीन म्हणाली. “होमच्या गठ्ठ्यातल्या. गोल काळे केलेत, पण नावाच्या जागी नाव नाही. सोमवारी मतं तपासणारं मंडळ बसेल. तुम्ही या. वॉरनलाही सांगितलंय.”

सोमवारी त्याच खोलीत बसलो. या खेपेला कुणी कागद अंथरला नाही. टेबलामागे डोरीन, आणि मतं तपासायला नेमलेली दोघं. एक बँकेतून निवृत्त झालेला हार्लन, आमच्या पक्षाचा. दुसरी शाळेतली जुनी मास्तरीण ॲग्नेस पोलार्ड. ती आमच्या काउंटीतली दुसऱ्या पक्षाची, नमुन्यादाखल ठेवल्यासारखी. वॉरन मागच्या बाकावर, मास्क लावून.

डोरीनने आठ मतपत्रिका ओळीने मांडल्या. मी मान लांब करून पाहिलं.

प्रत्येकीवर, रिकाम्या ओळीत, दोन तिरक्या रेघा आणि खाली एक आडवी. कुठे कापलेली, कुठे वाकडी, एकीवर रेघ छपराबाहेर गेलेली. पण छप्पर आणि रेघ. आमचा डाग. आठही मतपत्रिकांवर.

नेवाने माझा हात असा दाबला की बोटं कळवळली.

“हे मत नाही, चित्र आहे,” हार्लन म्हणाला. “अशी चित्रं मोजायला लागलो तर उद्या लोक फुलं काढतील.”

“माझ्या वर्गात पोरं याहून वाईट अक्षरात नाव लिहायची,” ॲग्नेसबाई म्हणाल्या, “आणि मी त्यांना पास करायची. गोल काळा आहे. माणसाला काहीतरी सांगायचंय.”

“काय सांगायचंय पण? आणि डाग कुणाच्या नावावर आहे? हुल्डाच्या! मग ही मतं हुल्डाला गेली. करा तिला कमिशनर.”

खोलीत हशा पिकला. मला राग आला, मी उठायला लागलो, नेवाने शर्टाला धरून खाली ओढलं.

डोरीन हसली नाही. तिने एक मतपत्रिका उचलली आणि मागे पाहिलं.

“वॉरन, तू उमेदवार आहेस. तुला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. पण या खोलीत गुरांचं तुझ्याएवढं कुणाला कळत नाही, म्हणून विचारते. बर्फाच्या तोंडावर तुझ्या कुरणात एखादी चुकार गाय शिरली आणि तिच्या पुठ्ठ्यावर हे असलं, तर तू फोन कुणाला करशील?”

वॉरन त्या कागदाकडे बघत होता. त्याला म्हणता आलं असतं, मला काय ठाऊक. म्हणता आलं असतं, हुल्डाला करीन. कायद्याने तेही खोटं नव्हतं. एवढी वर्षं अध्यक्ष असलेला माणूस, सहा मतांनी जिंकलेला. गप्प बसला असता तरी चाललं असतं.

त्याने मास्क हनुवटीवर ओढला.

“नेवाला,” तो म्हणाला. “आणखी कुणाला करणार?”

मग वॉरनच पुढे म्हणाला, “दरवर्षी करतो. तासाभरात येऊन घेऊन जाते.”

मास्क वर केला, टोपी घेतली आणि बाहेर गेला. हार्लनने घसा खाकरला, काहीतरी पुटपुटला, आणि तिघांचेही हात वर झाले. नेवा दोन मतांनी निवडून आली.

मी एवढा मोठा बाप्या, न्यायालयाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो. लोक खांद्यावर थापा मारून जात होते. गाड्यांचे भोंगे वाजत होते. कुणीतरी ओरडलं, “अरे शाडर, आता तरी हस!” टपालाच्या मतांना मी वर्षभर जे जे बोललो होतो, त्यातलं निम्मं मी त्या पायरीवर परत घेतलं. निम्मंच.

जानेवारीत नेवाने शपथ घेतली. पहिल्याच बैठकीत ठराव मांडला. घरचं एक माणूस, दारात तपासणी, तोंडाला मास्क, अंगावर झगा, आणि भेट काचेतून नाही, खाटेपाशी. एक जण विरुद्ध गेला, एक बाजूने आला, आणि ठराव पास झाला. तिला बोलायला तीन मिनिटंही लागली नाहीत.

दार उघडायचं त्या सकाळी बर्फ गुडघाभर होतं. होमच्या पायऱ्या आम्ही दोघांनी फावड्याने मोकळ्या केल्या. मागे रांग लागली होती. लोक चांगले कपडे घालून आले होते, बायकांनी केस केले होते. आत जायचा पहिला मान नेवाचा, यात कुणालाच शंका नव्हती. नर्सने झगा पुढे केला.

नेवाने मागे वळून पाहिलं. रांगेच्या पार शेवटी, सगळ्यांपासून लांब, वॉरन उभा होता.

“वॉरन,” तिने हाक मारली, “तुम्ही आधी जा.”

“नको,” तो म्हणाला. “मीच बंद केलं होतं.”

“म्हणूनच म्हणते. या.”

रांग बाजूला झाली. सत्तरी उलटलेला तो माणूस त्या बर्फातून आला, पण झग्याचे बंद काही त्याला बांधता येईनात. नेवाने त्याला पोरासारखं वळवून उभं केलं आणि बंद बांधले. तो आत गेला. दार उघडंच होतं, आम्हाला दिसलं. मार्जरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याने खुर्ची ओढली आणि तिचा हात हातात घेतला. तिने मान वळवली नाही. पण हात सोडवलाही नाही. वॉरनचे खांदे हलत होते.

मग नेवा आत गेली. एकालाच परवानगी, म्हणून मी दारातच. आमच्याच ठरावाने मला बाहेर ठेवलं, बोलणार कुणाला? दोघी एकमेकींच्या गळ्यात किती वेळ होत्या, मी बघितलं नाही, मी डोळे पुसत होतो. मग हुल्डाचा आवाज आला, फोनशिवाय, खणखणीत.

“रोज दुपारी आम्हाला आपापल्या दारात खुर्चीत बसवायचे. मी हवेत काढून दाखवलं, छप्पर आणि रेघ. सगळे आपल्या डागणीला आलेले गं, एकदा दाखवलं की कळलं. तो मेला पीटरसन तेवढा म्हणाला, माझा डाग काढतो. त्याला म्हटलं, तू उभा आहेस का निवडणुकीला?”

नेवा रडता रडता हसायला लागली. तिने पिशवीतून डबा काढला, घरचं भाजलेलं बीफ आणि पाव. म्हातारीने पहिला घास घेतला, चावला, मीठ कमी आहे म्हणाली, आणि दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग दारात मी दिसलो तशी तिने पावाचा तुकडा माझ्याकडे रोखला.

“जावईबापू, ते आडनाव तेवढं छोटं करून घे. चार वर्षांनी परत मत द्यायचंय मला.”